विषय : किरकोळ

निवृत्त ग्रंथपाल दर बुधवारी दुपारी चारला खोलीचं दार लावून लॅपटॉपसमोर बसत. बायकोला सांगितलं होतं, कंबरदुखीचा ऑनलाइन वर्ग आहे. थाप मारावी तर झेपेल अशी. इथे तीही बोंबच. मध्येच बायको दाराबाहेरून विचारायची, "व्यायाम करताय ना? की नुसतेच बसलाय?" की हा एकाहत्तर वर्षांचा गृहस्थ पडद्यावरच्या पाच जणांसमोर दोन्ही हात वर करायचा.

लैंगिक अत्याचार सोसलेल्या माणसांचा तो गट होता. तिथे कोणी कुणाला हसत नसे. ग्रंथपालांना वाटे, थोडं हसले तर बरं.

पाळी आली की बोलायचं, नाहीतर 'पुढे' म्हणायचं, एवढाच नियम. सात आठवडे ग्रंथपाल 'पुढे' म्हणत आले होते. आज गटाची शेवटची बैठक. आज तोंड उघडलं नाही तर ते कधीच उघडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. कार्ड बनवलं. पुस्तक कितीही जाडजूड असो, त्याचं कार्ड तळहाताएवढंच.

"काका, तुमची पाळी," समुपदेशक ताई म्हणाल्या.

त्यांनी घसा खाकरला आणि वाचलं, "वय नऊ. स्थळ, शिकवणीची खोली. व्यक्ती, मास्तर. कालावधी, एक वर्ष. विषय, किरकोळ."

पडद्यावर पाचही कपाळांवर आठ्या. झालं, इथेही आपण ढ!

"किरकोळ?" गटातली एक बस चालवणारी बाई म्हणाली. तिचा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचणारा. "हे कुणी ठरवलं, काका?"

"म्हणजे, तुम्हा सगळ्यांच्या मानाने माझं…"

"मानाने कसलं? इथे काय स्पर्धा लागलीय? बक्षीसबिक्षीस नाहीये हो!"

कुणीतरी फिसकन हसलं. ग्रंथपालही हसले आणि हसता हसता कार्डावरची अक्षरं दिसेनाशी झाली.

"आमच्याकडे किरकोळ म्हणजे," ते चष्मा पुसत म्हणाले, "ज्याला कुठलंच कपाट मिळत नाही ते. सगळ्यात खालचा कप्पा. तिथे वाकून कोण बघतो? मी तर नाहीच, माझी कंबर…"

ते थांबले. कंबर ठणठणीत होती.

"मास्तर दार लावून घ्यायचे," ते म्हणाले. "भिंतीवर नकाशा होता. मी त्यातल्या नद्या मोजायचो. तेवीस."

मग ते कार्डाशिवायच बोलत राहिले. बैठक संपली तेव्हा पाच वाजून गेले होते.

लॅपटॉप मिटला आणि बाहेरून हाक आली, "व्यायाम करताय ना?"

रिकाम्या खोलीत त्यांचे हात सवयीने वर गेले. मग त्यांनी ते खाली घेतले आणि दार उघडलं.

"नुसताच बसलो होतो."

"आणि कंबर?"

"तिला काही झालेलंच नाही गं. जरा बस. सांगायचंय."

ती बसली. आता 'पुढे' म्हणायची सोय नव्हती.