खडूने काढलेले पाच पॉइंट

मित्रांनो, मी वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका स्वयंपाकघरातला जुना स्विचबोर्ड आहे. दोन बटणं, एक सॉकेट आणि तपकिरी पट्टी, एवढाच माझा पसारा. माझ्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आम्हाला जपा म्हणून गळा काढतात. मी तसलं काही सांगणार नाही. मला राग आलेला आहे, आणि कोणाचा ते नाव घेऊन सांगतो.

राग आत्मारामांचा. सातिवलीच्या एका लहानशा कारखान्यात ते साच्यावर कामाला होते. माझी पट्टी त्यांनीच साच्यातून काढली, आणि नवा फ्लॅट घेतला तेव्हा मला ओट्यावरच्या भिंतीत बसवलं तेही त्यांनीच. तेव्हा माझ्यावर फक्त मिक्सर चालायचा, तोही चटणीपुरता. पाहुणे आले की आत्माराम मला बोटाने ठोकून दाखवत, "माझ्या हातचा आहे." मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग फ्रीज आला, पाण्याचा फिल्टर आला, आणि एका सॉकेटला तीन तोंडांचा प्लग लागला. दाराजवळच्या पेटीतला एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, वरचेवर पडू लागला. तो बिचारा आपलं काम करत होता. आत्मारामांना मात्र तो अपमान वाटला. एका दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी दहा अँपिअरचा एमसीबी काढून बत्तीसचा बसवला, म्हणजे तिप्पट भार झाला तरी न पडणारा. वायर तीच बारीक, मीही तोच. त्यानंतर खटका पडला नाही. "आमच्याकडे एमसीबी पडत नाही," असं ते सोसायटीभर सांगत फिरले, आणि मी आतून भाजू लागलो.

यंदा स्वयंपाकघराच्या जुन्या टाइल्स काढल्या. आत्मारामांची सून दिपिका हिला घरून केकच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. तिचा ओव्हन पॉइंटची वाट बघत खोक्यातच होता. वसई गावातला वायरमन गॉडफ्रे आला आणि त्याने आधी वही काढली.

"ताई, काय काय चालवणार ते सांगा. आणि त्यातलं एकाच वेळी काय काय चालेल, तेही सांगा. सोमवारी टाइल्स लागल्या की मग भिंत फोडता येणार नाय."

दिपिकाने फ्रीज, फिल्टर, मिक्सर, चिमणी आणि ओव्हन अशी यादी सांगितली. गॉडफ्रेने खडूने भिंतीवर पाच चौकोन काढले. चिमणीचा वर, मिक्सरचा नळापासून लांब. ओव्हनच्या चौकोनातून त्याने पार दारापर्यंत एक रेघ नेली. "याला वेगळी जाड वायर, थेट पेटीतून. तिच्यावर दुसरं काय लावायचं नाय." माझ्यावर त्याने फुली मारली. मला वाटलं, सुटलो.

पेटी उघडायला तो गेला, तर आत्माराम आडवे उभे राहिले. "पेटीला हात लावू नकोस. ती मी बघतो."

तो गेल्यावर त्यांनी ओलं फडकं घेऊन पाचही चौकोन पुसले, माझ्यावरची फुलीसुद्धा. "भिंतीची चाळण करायची नाही," म्हणाले. दिपिकाने पुन्हा चौकोन काढले. त्यांनी पुन्हा पुसले. असं तीन दिवस चाललं. दोघांचं बोलणं बंद झालं होतं, फक्त भांडी जरा जोरात आपटली जात. तिचा नवरा परेश कामावरून यायचा, भिंतीकडे बघायचा आणि पाणी पिऊन गुपचूप बाहेर जायचा.

शनिवारी दिपिका म्हणाली, "बाबा, बटण गरम लागतंय."

"उन्हाने."

"हा बोर्ड पेटला तर ओट्यापाशी मी असेन, तुम्ही नाही."

"इतकी वर्षं कोण मेलं?" असं म्हणून आत्मारामांनी खोकं फोडलं, ओव्हन ओट्यावर ठेवला. त्याच्या जाड पिना माझ्यात बसेनात, तर बाजारातून जोडप्लग आणून बसवल्या. "लाव आता."

"मी नाही लावणार."

मग त्यांनीच बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले. पंधरा मिनिटं मी सोसलं. मग माझ्या आतली वायर वितळली, जळका वास सुटला आणि सॉकेटमधून धूर आला, धुरामागून ज्वाळ. दिपिकाने गॅसचा कॉक बंद केला. आत्माराम माझ्याकडे आलेच नाहीत. ते थेट दाराकडे धावले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

ज्वाळ विझून धूर निवळल्यावर दिपिका पेटीपाशी गेली. "पेटीकडे का धावलात, बाबा? खटका आपोआप पडायला हवा होता ना?"

तिने झाकण उघडून आकडा वाचला. "बत्तीस. कधीपासून?"

"तू लग्न होऊन आलीस त्या वर्षापासून."

"म्हणजे नऊ वर्षं. नऊ वर्षं मी इथे रोज उभी राहतेय." ती ओरडली नाही. तिने खडू त्यांच्या हातात दिला. "आता तुम्ही काढा."

आत्मारामांनी काढले, पाचही. चौकोन वाकडेतिकडे आले. शेवटी माझ्यावर फुली मारली. रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून गॉडफ्रे आला आणि त्याने भिंत फोडली. माफी कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही.

गॉडफ्रे मला कचऱ्यात टाकणार होता. आत्माराम हळूच म्हणाले, "शोकेसमध्ये ठेवू का?"

"ठेवा," दिपिका म्हणाली. "पण जळकी बाजू पुढे."

तेव्हापासून मी तसाच उभा आहे. पाहुणे विचारतात आणि आत्मारामांना सांगावं लागतं. माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, आम्हाला जपू नका, वेळेवर काढा. घरात बटण गरम लागलं तर मोठ्यांना सांगा. आणि 'उन्हाने' असं उत्तर आलं, तर त्या भिंतीवर ऊन येतं का ते बघा. माझ्या भिंतीवर कधीच येत नव्हतं.