लाटेखालची फळी

मी एक जुनी लाकडी फळी आहे. मित्रांनो, गाळ काढून झाल्यावर नदीला पाणी परत सोडलं, मला पुलाखाली नेहमीच्या जागी उतरवलं, आणि त्या सकाळी लाट उठलीच नाही. लाटेवर उभं राहायचे बोर्ड काखेत धरून आलेली मंडळी काठावरच अडकली. मला नदीत बसवणाऱ्या बुर्गीला माती देऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ती गेली म्हणजे काय गेलं, हे त्यांना तेव्हा कळलं.

म्युनिकच्या दक्षिणेला आमचं गाव. नदी एवढीशी, की पोरांनी फेकलेला दगड सहज पलीकडे जावा. तिच्यात समुद्रासारखी धावती लाट नाही. मला तळाशी तिरकं बसवलं की पाणी माझ्यावरून उसळतं आणि एकाच जागी लाट होऊन उभं राहतं. तिच्यावर माणसं आळीपाळीने बोर्ड घेऊन तोल सांभाळतात. मला आलोइसने, बुर्गीच्या नवऱ्याने, रंधून दिलं. तो सुतार. पण बसवायची ती. गारठलेल्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून, पायांनी दगड चाचपत, ते माझ्याखाली रचत.

"काकू, नदीला मोजे घालताय का?" काठावरून बोर्डवाल्या पोरांतला क्विरिन ओरडायचा. सगळे हसायचे.

"आधी तुझ्या तोंडाला झाकण घालते. ये खाली, शिकवते."

"नको हो, पाणी गार आहे!"

कोणी उतरलं नाही. लाट मात्र सगळ्यांना हवी होती. आलोइससुद्धा पुलावर मला बांधलेला दोर धरून म्हणायचा, "आटप गं, सूप गार होतंय."

यंदा ती इस्पितळात होती. गाळ काढणार म्हणून बोर्डवाल्या मंडळींनी मला घाईघाईने वर ओढलं. खाली तिने रचलेले दगड यंत्राने खरवडून नेले. मग त्या सकाळी मला दोरांनी इकडे ओढलं, तिकडे ओढलं. नुसता फेस.

"काका, काकू कशी बसवायची हो ही?" क्विरिनने विचारलं.

"मला काय ठाऊक? मी वर दोर धरायचो."

"इतकी वर्षं संसार केलात की!"

"आणि तू रोज तिच्या लाटेवर नाचलास. तू विचारलंस कधी?"

आलोइसने मला खांद्यावर घेतलं आणि घरी आणून भिंतीला टेकवलं.

आता मी सुकते आहे, कडेला तडकते आहे. पुलावर बुर्गीसाठी फुलं ठेवतात, तिची तारीफ करतात. फुलं ठेवायला पाण्यात उतरावं लागत नाही. मित्रांनो, ज्याच्या कष्टांवर तुमची मजा उभी आहे, त्याला तो असेपर्यंत विचारून घ्या. त्याच्या शेजारी एकदा तरी भिजा.

आलोइसला तिची लाट पुन्हा उभी राहिलेली पाहायची आहे. त्यासाठी तळ पायांनी चाचपावा लागेल, हे त्याला कळतं. तो रोज काठापर्यंत जातो आणि परत येतो. नदीत तो अजून उतरलेला नाही.