बारा फूट चाललेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. लगेच नाक मुरडू नका; मी हद्दीचा दगड आहे. माझ्या डोक्यावर छिन्नीने कोरलेली फुली आहे. ती मिरवत मी बोनकोड्याच्या भातशेतात उभा राहिलो, तेव्हा कोपरखैरण्यात सोसायट्या नव्हत्या, बेडूक होते.

मला पुरताना खड्ड्यात आधी दोन घमेली कोळसा टाकला होता. पुढेमागे दगड कुणी उपटला, तरी कोळसा कुजत नाही. खणलं की खरी जागा सापडते. केवढा विचार केला होता पाहा! त्या काळी मोजणीदार आला की आधी माझ्यापाशी यायचा. तावातावाने भांडत आलेले दोघे भाऊ मला बघून मुकाट घरी जायचे.

मग शेतं गेली. एके दिवशी केबलवाल्यांनी चर खणला, मला उपटून बाजूला फेकलं आणि निघून गेले. शेजारच्या गिरजाबाईंनी मला ढकलत ढकलत आपल्या दारात नेलं आणि माझ्यावर पाण्याचं पिंप ठेवलं. माझ्या जागेपासून बारा फूट. अपमान वाटला, पण गारवा होता, खोटं कशाला बोलू?

यंदा इंद्रजित शेटनी गिरजाबाईंच्या घरापासून थेट मोठ्या रस्त्यापर्यंतचे ओळीने चार प्लॉट घेतले. चारांवर मिळून एक शॉपिंग सेंटर व्हायचं होतं. मोजायला कुलदीप नावाचा सर्व्हेअर आला. तिपाईवर मशीन, डोळ्यांवर गॉगल. हद्दीचा दगड शोधता शोधता त्याला पिंपाखाली मी दिसलो.

"सापडला!"

"आरं बाबा, तो मीच आनलाय," गिरजाबाई म्हणाल्या. "पिपाखाली ठेवाया. त्याची जागा तिकडं हाय."

"आजी, टेन्शन नको. दगड काय चालत येतो का?"

"चालत नाय, ढकलत आनला! कान हायत का नायत तुला?"

कान होते, त्यांत वायरी होत्या. मोजणी माझ्यापासून सुरू झाली. शेट हसले, "घर जातंय म्हटल्यावर दगडाला पाय फुटले होय, आजी?" गिरजाबाईंच्या ओटीवर आणि अर्ध्या स्वयंपाकघरावर लाल रेघ पडली. सात दिवसांत पाडा, असा हुकूम झाला. मी दगड, ओरडणार कसा?

चार प्लॉट, चार दिवस, चार वेगळे नकाशे. प्रत्येक तुकडा कागदावर इंचाइंचाने बरोबर! पण चारही जोडून रस्त्यापर्यंत पोचतात का, हे बघायचं कुणालाच सुचलं नाही. मशीन खोटं बोलत नव्हतं, मित्रांनो. ते बिचारं चुकीच्या जागेवरून खरं बोलत होतं.

चौथ्या दिवशी शेवटची खुंटी ठोकली, तर रस्ता बारा फूट पुढे! मागोमाग आलेल्या गिरजाबाईंनी मोकळ्या पट्टीत डोक्यावरची पाटी टेकवली आणि फतकल मारलं.

"आजी, इथे कुठे बसता? इथे आपलं गेट येणार!"

"तुझी हद त्या खुंटीवर संपली ना, शेट? तूच मोजलीस. मंग मी हितं सुकी मासली इकनार. तुझ्या गिऱ्हाइकांना जायाला वाट ठेवीन. टेन्शन नको."

शेटनी खुंटीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "कुलदीप," ते म्हणाले, "त्या दगडाबद्दल आजी काय म्हणत होत्या?"

दगडाला पाय असतात, हे शेटना एका मिनिटात पटलं. चार दिवस एका बाईचं घर जात होतं, तेव्हा पटत नव्हतं. माझा संताप आहे तो याचा!

गिरजाबाईंनी दाखवलं तिथे, चराच्या कडेला खणलं. कोळसा निघाला, काळाभोर. मला पुन्हा तिथे बसवलं. कुलदीपने कानांतल्या वायरी काढल्या आणि चारही प्लॉट एकाच नकाशावर नव्याने मोजले. ओटीवरची लाल रेघ मात्र पुसायला कुणी आलं नाही. गिरजाबाईंनीच तिच्यावर चुना फासला.

मित्रांनो, उद्या तुम्ही कुणाची जमीन मोजायला गेलात, तर आधी शेजारच्या माणसाला विचारा, मशीन मग उघडा. आणि आम्हाला जागचं हलवू नका. गिरजाबाईंच्या पिंपाखाली आता दोन विटा आहेत, त्या डुगडुगतात. कुणीतरी त्यांना एक चांगला दगड आणून द्या. फक्त त्याच्या डोक्यावर फुली नाही ना, तेवढं बघा.