बोरीखाली दुबोआंची टोपी

मित्रांनो, अर्धी अमेरिका माझ्या जिवावर वसली. सध्या मी संग्रामपूरजवळच्या एका गावात, स्वयंपाकघराच्या दाराआड, लसणाच्या जुडीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. लसणाला याचं काही वाटत नाही.

मी एक जुनी केसाळ टोपी. कानांवर पडणाऱ्या दोन झडपा, हनुवटीखाली बांधायला वादी आणि रंग करपलेल्या गुळासारखा. टोपी होण्याआधी मी एक प्राणी होते. त्याला बीव्हर म्हणतात. तोंड घुशीचं, अंग कुत्र्याएवढं, शेपटी उलथण्यासारखी चपटी. हा प्राणी दातांनी झाडं पाडतो आणि नदीवर बंधारे बांधतो. ते बंधारे टिकतात, कारण त्यांचं उद्घाटन होत नाही. संकट दिसलं की बीव्हर पाण्यावर फाडकन शेपटी आपटतो आणि बाकीचे सगळे बुडी मारतात. असं जन्मभर एक डोळा पाण्यावर, एक काठावर ठेवून जगायचं. मला सोललं तेव्हा शेपटी तिकडेच राहिली. भीती मात्र केसांतून माझ्याबरोबर आली.

मला सोललं ते दुबोआ नावाच्या एका फ्रेंच घराण्यासाठी. म्हातारा पिएर दुबोआ मुलं, पुतणे आणि जावई होड्यांत भरून मोठ्या नदीच्या प्रवाहाविरुद्ध निघाला आणि दोन नद्या मिळतात तिथं त्यानं ओंडक्यांचं एक कोठार उभारलं. त्या मुलखातले मूळचे लोक तिथं कातडी आणत. दुबोआ त्यांना घोंगड्या, तांब्याची पातेली, चाकू आणि काचेचे मणी देत. एका घोंगडीला किती कातडी, हे दुबोआच ठरवत. विश्वास बसावा म्हणून त्यांनी तिथल्या मुलीही करून घेतल्या. सोयरीक झाली की माणूस घासाघीस करायला लाजतो, हे ते फ्रान्समधूनच शिकून आले असावेत.

कोठाराशेजारी आधी लोहार आला, मग पाववाला, मग पाद्री, मग वकील. वकील आला की गाव वसलं असं समजतात. पुढं बीव्हर संपले. मग दुबोआंनी जमिनीचा धंदा धरला, आणि ज्या सोयऱ्यांनी कातडी आणून दिली होती त्यांना आणखी पश्चिमेला हाकललं गेलं. आता तिथं मोठं शहर आहे. चौकात पिएरचा पुतळा आहे. 'यांनी हे शहर वसवलं' असं त्याखाली कोरलं आहे. तिथं आधीपासून राहणारे कुठं गेले, ते कोरायला दगड पुरला नाही.

मी खुद्द पिएरच्या डोक्यावर होते. पाहुणे मला हात लावून बघत. पण पुढं लोक रेशमी टोप्या घालू लागले आणि मी माळ्यावर गेले. मला कसर लागते की काय, या धास्तीत मी कित्येक पिढ्या काढल्या.

शेवटी त्या घराण्यात एकच म्हातारा उरला. त्याच्या वरच्या मजल्यावर प्रसेनजित नावाचा इंजिनिअर भाड्यानं राहायला आला. एका कडक हिवाळ्यात म्हातारा आजारी पडला, तेव्हा प्रसेनजितनं आपल्या आईनं शिवलेली गोधडी त्याला पांघरायला दिली. ती म्हाताऱ्यानं परत केलीच नाही. बदल्यात मला दिलं. पांघरूण घेऊन कातडं देण्याची दुबोआंची ही पहिलीच वेळ. पुतळ्याला घाम फुटला असेल.

अशी मी प्रसेनजितच्या सामानातून सातपुड्याच्या पायथ्याशी, त्याच्या गावी आले. प्रसेनजितचे वडील गुलाबराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गावाबाहेर त्यांचं हरभऱ्याचं वावर आहे. त्यांनी मला डोक्यावर चढवलं, झडपा खाली ओढल्या, वादी घट्ट बांधली आणि त्या क्षणापासून त्यांना ऐकू येणं बंद झालं. त्याबद्दल ते माझं फार कौतुक करीत.

"लय गरम हाय," ते बायकोला, सिंधूताईंना, सांगत. "अन् शांतबी."

"काढा अवो ते," सिंधूताई म्हणत. "अस्वलावानी दिसून राह्यले."

गुलाबराव मान हलवत. त्यांना वाटे, त्या चहा विचारताहेत.

मला मात्र ते ऐकून धडकी भरे. मित्रांनो, या भागात हिवाळ्यात अस्वल बोरं खायला डोंगरातून खाली उतरतं. आठच दिवसांपूर्वी पलीकडच्या शिवारात त्यानं एकाला ओरबाडलं होतं. त्यामुळे दिवस कलल्यावर बोरीखाली काहीही केसाळ हललं, की गावकरी आधी दगड उचलत आणि मग विचार करत. आणि गुलाबरावांच्या बांधावर बोर आहे. आणि गुलाबरावांना बोरं आवडतात.

व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी गुलाबराव काळी घोंगडी पांघरून, मला डोक्यावर घालून, बोरीखाली उकिडवे बसले आणि पडलेली बोरं वेचू लागले. पाठ रस्त्याकडं. रस्त्यानं कडूबा आणि कचरू घरी चालले होते. दोघांचीही वावरं शेजारचीच.

"थांब बे," कडूबा कुजबुजला. "अस्वल!"

"कुठी?"

"गुलाबरावभाऊच्या बोरीखाली. पाह्य, कसं मजेत खाऊन राह्यलं."

"लय जुनं दिसते बे," कचरू म्हणाला. "केसं झडले त्याचे."

हा अपमान मी गिळला. वेळच तशी होती.

"भाऊले फोन लाव," कचरू म्हणाला. "वावरात येऊ नका म्हणा."

कडूबानं फोन लावला. तो गुलाबरावांच्या खिशात, घोंगडीच्या आत, खणखणीत वाजला. माझ्या झडपांमुळे गुलाबरावांना त्याचा पत्ता नव्हता. रस्त्यावर मात्र स्वच्छ ऐकू आलं.

कडूबानं हातातल्या फोनकडं पाहिलं, मग बोरीकडं. त्यानं फोन बंद केला. वाजणं थांबलं. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा वाजलं.

"कचरू," तो म्हणाला, "फोन अस्वलाच्या पोटात वाजून राह्यला रे. खाल्लं त्यानं भाऊले!"

मग काय विचारता! आरडाओरडा झाला, माणसं काठ्या घेऊन धावली, कुणी डबे वाजवले. कचरूनं रडत रडत कमरेची गोफण सोडली. बीव्हर असताना मी एकदा मारली गेले होते. आता दुसऱ्यांदा मारली जाणार होते, आणि या खेपेला आत माणूस होता. शेपटी आपटून त्याला सावध करावं असं फार वाटलं. पण शेपटी अमेरिकेत.

पहिला धोंडा सणसणत आला आणि माझ्यावर बसला. माझे केस दाट, खाली कातडं जाड. धोंडा टप्पकन खाली पडला. गुलाबरावांना वाटलं, वरून बोर पडलं. त्यांनी धोंडा उचलला, दाबून पाहिला, कच्चा म्हणून टाकून दिला.

कचरूनं दुसरा धोंडा भरला. गोफण गरगरू लागली. तेवढ्यात सिंधूताई पोचल्या.

"वहिनी, मांगं राहा," कडूबा म्हणाला. "भाऊ गेले."

सिंधूताईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्या बोरीकडं बघत होत्या. बोरीखालच्या जनावरानं एक बोर उचललं, त्यावर फुंकर घातली, उजेडाकडं धरून निरखलं आणि किडकं निघालं म्हणून खांद्यावरून मागं फेकलं.

"गोफण ठेव बे खाली!" त्या ओरडल्या. "त्यो माहा नवरा हाय!"

आणि त्या गोफणीच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. मग तरातरा चालत आल्या आणि त्यांनी मला खसकन उपटून काढलं.

"फोन काऊन नाही उचलला?"

"वाजला कुठी?" गुलाबराव म्हणाले. मागं वळून त्यांनी काठ्या घेतलेलं अर्धं गाव पाहिलं. "एवढे लोक काऊन आले? बोरं तं संपत आली."

कुणी हसलं नाही. कचरू तिथंच बांधावर बसला. गुलाबरावांनी त्याच्या ओंजळीत बोरं ओतली, तेव्हा तो लहान पोरासारखा रडला. "जाळा हे टोपडं," कडूबा म्हणाला. "हिच्यानंच डोस्कं वाचलं ना माह्यं," गुलाबराव म्हणाले. दोघांचंही खरं होतं. म्हणून निकाल सिंधूताईंनी दिला: टोपी घरात खिळ्याला राहील, वावरात न्यायचीच असेल तर झडपा वर बांधायच्या आणि टोपीवर पिवळाधमक रुमाल गुंडाळायचा, म्हणजे लांबूनही माणूस ओळखू येईल.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं या ठिकाणी सांगायची पद्धत आहे. जपाच. पण दगड उचलण्याआधी केसांच्या आत कोण आहे, ते एकदा बघत जा. दुबोआंच्या काळात ते कुणी बघितलं नाही, म्हणून मी टोपी झाले आणि एका अख्ख्या मुलखाचा पुतळा झाला.

मोठ्या अपेक्षा मी कधीच सोडल्या. आता एकच विनंती आहे. गुलाबरावांना सध्या सर्दी झाली आहे. नाक पुसायचा रुमाल आणि माझ्यावर गुंडाळायचा रुमाल, हे दोन वेगळे ठेवावेत.