पाठीमागे बोललेलं

आईच्या तळहातातली गाठ उद्या काढायची होती, म्हणून आज तिचं पियानोवादन कम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा घाट मी घातला. "शिकवणीच्या मुलांना ऐकायला होईल," असं तिला सांगितलं. शुद्ध थाप. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की गाठीबरोबर एक नसही जाणार, दोन बोटं पुन्हा वळतील ही आशा धरू नका. हे कळलं असतं तर आईने ऑपरेशनलाच साफ नकार दिला असता. आणि कॅन्सरची गाठ काही कुणासाठी थांबणारी नव्हती. म्हणून मी फक्त बाबांना सांगितलं आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

आमचा पियानो विजेवरचा. हेडफोन लावले की सूर फक्त वाजवणाऱ्याच्या कानात. वरच्या मजल्यावरच्या बाईंची कटकट नको म्हणून आई कायम तसंच वाजवते. त्यामुळे आम्हा बापलेकीला एक वाईट खोड लागली आहे. आई वाजवायला बसली की तिच्या पाठीमागे सगळी गुपितं बोलून घ्यायची. तिच्या वाढदिवसाचे बेत तिथेच ठरतात. माझं लग्न मोडल्याचं बाबांना पहिल्यांदा तिथेच कळलं.

मी पियानोची वायर कम्प्युटरला जोडली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आईने डोळे मिटले. खोलीत नुसती पट्ट्यांची टकटक. तिची मान मात्र झकास डोलत होती.

"तिला सांगून टाकू," बाबा कुजबुजले.

"आज नको, बाबा."

"बोटं गेल्यावर सांगणार? ती मला जन्मभर माफ करायची नाही."

"नाही सांगितलं तर दोन बोटं जातील. सांगितलं तर तीच जाईल."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

आईने शेवटची पट्टी दाबून हात मांडीवर घेतले. "मस्त झालं गं! कधी नव्हे ते एकदाही चुकले नाही. ऐकव बरं." तिने हेडफोनची पिन उपटून कम्प्युटरला लावली. मी बटण दाबलं आणि पडद्याकडे पाहिलं.

आईने जिथे दणकून वाजवलं होतं, तिथे आवाजाची रेघ जेमतेम थरथरत होती. पुढे, बाबा बोलले तिथे, चांगला उंचवटा. वायर जोडली, पण आवाज वायरीतून घे, हे कम्प्युटरला सांगायचंच राहिलं होतं. तो मुकाट्याने स्वतःच्या माइकने खोली ऐकत बसला होता.

"आई, बिघडलंय काहीतरी, थांब—" मी हात पुढे केला. तिने माझं मनगट घट्ट धरलं. दुखऱ्या हाताने.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. तिचा चेहरा मला बघवेना. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आईने हेडफोन उतरवले आणि वायर गुंडाळून बाजूला ठेवली.

"उद्या येते मी ऑपरेशनला," ती म्हणाली. "तू ते नीट जोड. पुन्हा वाजवते."

मग पियानोचा आवाज तिने पार वरपर्यंत चढवला.

"अहो, बसा इकडे," ती बाबांना म्हणाली. "आज तुम्हीही ऐका."