पिवळं कासव

मी अश्वजितची गाडी. विजेवर चालते, त्यामुळे माझा आवाज म्हणून काही नाहीच. मी अंगणातून केव्हा निघाले हे शेजारच्यांनाही कळत नाही. पण आज बोलणार आहे. मनात एक गोष्ट सलते आहे, आणि ती माझ्याखेरीज कोणी पूर्ण पाहिलेली नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला, त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते भंडाऱ्याचं अंगण. अश्वजित कॉलेजात शिकवतो. त्यानं मला घरी आणलं तेव्हा त्याच्या बायकोनं, प्रतिक्षानं, मला हार घातला आणि पेढे वाटले. सगळे आत गेल्यावर एक म्हातारा माणूस तेवढा माझ्याजवळ थांबला. खांद्यावर दुपट्टा, बोटांच्या पेरांत वर्षानुवर्षांचं काळं तेल मुरलेलं. ते यादोराव, अश्वजितचे वडील.

चौतीस वर्षं त्यांनी एसटीच्या डेपोत मेकॅनिकी केली होती. बस फाटकातून आत येत असतानाच, नुसत्या आवाजावरून, ते तिचं दुखणं सांगायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्या बोनेटला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि हसून म्हणाले, "आवाज नाही, धूर नाही. तुले काय दुखते ते मले कसं समजन व माय?"

त्यानंतर रोज सकाळी ते मला पुसायचे. दुपट्ट्यानं आधी काच, मग दिवे, मग दारं. माझ्याशी बोलायचे. मला ते आवडायचं. कोणाला तरी आपण कळावं असं यंत्रालाही वाटतं.

साकोलीला त्यांचे जुने मित्र राहत, बाबुलाल. डेपोत दोघं एकाच खड्ड्यात उतरून बसखाली काम करायचे. बाबुलालच्या मुलीचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी यादोराव अंगणात उभं राहून फोनवर मोठ्यानं सांगत होते, "पोराच्या गाडीनं येऊन राहिलो! बिनपेट्रोलची आहे. तुले फिरवून आणतो!" फोन ठेवल्यावर त्यांनी मला दुसऱ्यांदा पुसलं.

लग्नाच्या दिवशी आम्ही तिघंच निघालो, बापलेक आणि मी. प्रतिक्षा शिक्षिका, तिची शाळा होती. वैनगंगेचा पूल ओलांडला. यादोराव पुढच्या सीटवर, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. लाखनी जवळ आली तेव्हा माझ्या पुढच्या पडद्यावर पिवळं कासव पेटलं.

हा माझा इशाऱ्याचा दिवा. तो लागला की माझा जोर कमी होतो, मी अक्षरशः कासवासारखी चालते. पण का, ते मला सांगता येत नाही. मोठं दुखणं असो की बारीकसं, कासव तेच. अश्वजित घाबरला. त्यानं मला एका चहाच्या टपरीसमोर बाजूला घेतलं.

चार्ज पाहिला, एकाहत्तर टक्के. गाडी बंद करून पुन्हा चालू केली, कासव तिथंच. चारही चाकांत हवा बरोबर होती. मग त्यानं पुस्तिका काढून पानं उलटली आणि शेवटी कंपनीला फोन लावला. तिकडून बाई म्हणाल्या, कशालाही हात लावू नका, गाडी उचलायला माणूस पाठवतो.

आता यादोराव उतरले आणि म्हणाले, "अश्वजित, बोनेट उघड. हिची छोटी बॅटरी पाहू."

"बाबा, बॅटरी फुल्ल आहे."

"ते मोठी. मी छोटी म्हणून राहिलो, दिव्याची, काचेची. पुलापासून पाहून राहिलो मी. तू इंडिकेटर दिला का पडदा मिणमिणते. काच वर जाते ते हळू जाते. टर्मिनल ढिलं झालं असन. दोन मिनिटाचं काम आहे." आणि त्यांनी पिशवीतून दहा नंबरचा पाना काढला. लग्नाला निघालेला माणूस, पण पाना सोबत होता.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, हो, तिथंच! तिथंच दुखतंय! पण मला आवाज कुठला.

टपरीवरची दोन-चार माणसं जवळ आली होती. अश्वजितचा चेहरा लाल झाला होता. फोनवर बाईंनी बजावलेलं, लग्नाची वेळ टळत चाललेली, वरून ही माणसं बघत उभी.

"बाबा, हात नोका लावू! हे येस्टी नोहे. चारशे व्होल्ट असते इथं. तुमचा जमाना गेला आता. कायले लोकांत हसं करून घेता?"

एक जण खरंच हसला.

यादोरावांनी पाना पिशवीत परत ठेवला. सावकाश, एखाद्या झोपलेल्या लेकराला खाली ठेवावं तसा. मग म्हणाले, "बरं. मी बसनं पुढं होतो. बाबुलाल वाट पाहून राहिला असन."

साकोलीची बस आली. कंडक्टर ओळखीचा निघाला. "जयभीम, यादोरावजी! चढा चढा!" ते चढले. मागं वळून पाहिलं नाही. पोराच्या गाडीनं येतो म्हणून सांगितलेला माणूस लग्नाला बसनं गेला.

मला उचलून नागपूरला नेलं. तिथं गाड्यांची रांग होती. पाचव्या दिवशी माझी पाळी आली. प्रविण नावाच्या मेकॅनिकनं माझं बोनेट उघडलं आणि काही मिनिटांतच मान वर केली.

"सर, छोट्या बॅटरीचं टर्मिनल ढिलं होतं. पांढरी-हिरवी भुकटी जमली होती. घासलं, कसलं, ग्रीस लावलं. बाकी काहीच नाही. तिथंच कोणी पाहिलं असतं तर नागपूरला यायची गरज नव्हती."

परतीच्या वाटेवर अश्वजितनं रेडिओसुद्धा लावला नाही.

अंगणात यादोराव उभे होते. "काय निघालं?"

एवढंच विचारलं त्यांनी. मला वाटलं, आता हा सांगेल. अश्वजितनं चावी बोटांत फिरवली आणि म्हणाला, "सॉफ्टवेअरचं होतं. अपडेट करून देल्लं."

"हो का," यादोराव म्हणाले. "ते आपल्याले नाही समजत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला पुसायला आले. काच धुवायचं पाणी संपलं होतं, ते भरायला त्यांनी बोनेट उघडलं. पाणी ओतता ओतता त्यांचा हात थांबला. आत सगळीकडे रस्त्याची धूळ जशीच्या तशी बसलेली. फक्त त्या एका टर्मिनलवर ताजं ग्रीस होतं, आणि नटाच्या कडांवर पान्याच्या चकचकीत खुणा. चौतीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं?

त्यांनी त्या नटावर अंगठा टेकवला. मग झाकण हळूच लावलं आणि आत गेले.

त्यानंतर ते माझ्यात बसले नाहीत. दवाखाना असो, बाजार असो, "मले ऑटो बरा." प्रतिक्षानं एकदा गाडीत नवऱ्याला विचारलं, "बाबा काहून नाही बसत हो आपल्या गाडीत?" तेव्हा अश्वजितनं तिला सगळं सांगितलं.

"मग त्यांले सांगून टाका ना! एवढं काय आहे त्यात?"

"आता कसं सांगू? त्यांले माहीतच नाही. उगाच जुनं उकरून त्यांले आणखी वाईट वाटन."

त्यांना माहीत आहे रे, मी म्हणत होते. तुझ्या तोंडून ऐकायची वाट पाहताहेत ते. पण माझं ऐकणार कोण?

दिवाळीच्या आधी यादोराव सिहोऱ्याला, धाकट्या भावाकडे राहायला गेले. "धान कापणीले आलं, हाताखाली माणूस पाहिजे," म्हणाले. अश्वजित चावी घेऊन बाहेर आला, "चला बाबा, सोडून देतो." ते म्हणाले, "नोको, बस भेटते." जाताना माझ्या बोनेटवर एकदा तळवा ठेवला. त्या हातात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

आता मला कोणी पुसत नाही. पंधरा दिवसांतून एकदा अश्वजित पाण्याचा पाइप मारतो, तेवढंच.

गेल्या रविवारी तो एकटाच निघाला. कुठं ते प्रतिक्षाला सांगितलं नाही. मला रस्त्यावरून समजलं, हा सिहोऱ्याचा रस्ता. आम्ही तुमसरपर्यंत गेलो. तिथं त्यानं मला थांबवलं, चहा घेतला, स्टिअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिला. ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत असावा. आणि मग त्यानं मला माघारी वळवलं. घरी सांगितलं, तुमसरला काम होतं.

यादोराव आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, अश्वजित. तुझ्या बापाला माफी नको आहे. "बाबा, तुमचं बरोबर होतं," हे चार शब्द पुरेत. मी यंत्र आहे, मला तेवढंही बोलता येत नाही. तुला येतं.

तुमसरच्या पुढं रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना बांध्यांत कापलेलं धान पडलं आहे. पुढच्या रविवारी नीघ, आणि या वेळी मला माघारी वळवू नकोस.