चांगल्या दिवसानंतरची रात्र

राजानंदचं डोकं फक्त चांगल्या दिवसानंतरच्या रात्री दुखतं, हे त्याच्या ध्यानात यायला सबंध पावसाळा जावा लागला. मंठ्याच्या एका शाळेत तो आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होता. कारणाशिवाय काही घडतं यावर त्याचा विश्वास नव्हता, त्यामुळे या दुखण्याकडेही तो बिघडलेल्या उपकरणाकडे पाहावं तसंच पाहत होता. डोळ्यांच्या मागून कुणी अंगठे रोवावेत तशा दाबाने जाग यायची. तोंड कोरडं पडलेलं असायचं आणि हाताला बारीक कंप असायचा. पहाटेपर्यंत तो भिंतीला टेकून बसे. उजाडलं की दुखणं इतकं साफ ओसरायचं की कुणाला सांगायला गेलं तर सांगणाऱ्यालाच ते खोटं वाटावं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, या नियमाने त्याने शोध सुरू केला होता. संध्याकाळचा चहा सोडला, चष्म्याचा नंबर तपासून घेतला, उशी बदलली, रक्तदाब मोजला. कशानेच फरक पडला नाही. राहता राहिली मनाचा तोल राखणारी लिथियमची गोळी. ती तो चार वर्षं रोज रात्री जेवणानंतर, बायकोसमोर, न चुकता घेत होता. पण दोष गोळीचा असता तर डोकं रोजच दुखायला हवं होतं.

"सर, तुमचं डोकं चोवीस तास चालू ऱ्हातं, मंग गरम होनारच," गणिताचे गोरक्षनाथ मास्तर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. "रात्री मेन स्विच बंद करत जा."

"स्विच कुठं हाय तेच सापडून नाही राह्यलं."

"आपलं काम कर्कटकाचं, सर. त्याला डोकं नसतं, नुसतं टोक असतं. बिलकुल दुखत न्हाई."

राजानंद मनापासून हसला. त्या रात्री त्याचं डोकं दुखलं.

हा योगायोग असू शकत होता. पण मग आठवणी रांगेने पुढे येऊ लागल्या. मुलांनी पुठ्ठ्याच्या परिदर्शकातून खिडकीबाहेरची चिंच पाहिली आणि सबंध वर्ग ओरडला, त्या रात्री दुखलं होतं. मुलगी प्रिया सुटीला संभाजीनगरहून घरी आली, त्या रात्रीही. वर्षावासात विहारात दर रविवारी वाचन चाले. एका रविवारी वाचनानंतर त्याला ग्रहणावर बोलायला सांगितलं. तासभर तो हातवारे करत बोलला, म्हाताऱ्या बायाही पुढे सरकून बसल्या, आणि ती रात्र तर सगळ्यांत वाईट गेली. उलट वेतनवाढ अडली, छप्पर गळलं, मुख्याध्यापकांनी चारचौघांत पाणउतारा केला, त्या रात्री तो लाकडासारखा झोपला होता.

आनंद हे डोकेदुखीचं कारण असू शकतं का? असलंच तर शरीराच्या कोणत्या वाटेने? त्याला उत्तर सापडेना. दोन गोष्टी बरोबर घडतात तेव्हा त्यांच्यामध्ये तिसरी असू शकते, हे तो दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे. ती तिसरी गोष्ट आपल्याच घरात भाकरी थापत असेल हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

चार वर्षांपूर्वी त्याला झालं काय होतं, ते सगळ्या मंठ्याला ठाऊक होतं. आठवडाभर तो झोपला नव्हता, आणि झोपेची गरजही भासली नव्हती. त्याच भरात मोटारसायकल काढून तो निघाला तो थेट शहागडला पोचला. गोदावरीच्या पुलावर ट्रक अडवून तो चालकांना सांगू लागला की भोंग्याचा आवाज जवळ येताना चढतो आणि लांब जाताना उतरतो, आणि हे सगळ्या देशाला तातडीने कळायला हवं. भौतिकशास्त्रात त्याची चूक नव्हती. त्याची बायको कौसल्या तिथे पोचली, त्यानंतर कुठे दोन चालकांनी त्याला दंडाला धरून कडेला बसवलं, आणि तो त्यांनाही समजावतच होता. पुढचे काही आठवडे त्याला धड आठवत नव्हते. तेव्हा तो गोळ्या थुंकायचा, एवढं नंतर कळलं. मग त्या पोटात कशा गेल्या, हे त्याने कधी विचारलं नाही. इतर सगळ्या बाबतींत चिकित्सक असलेल्या माणसाने नेमका तेवढा प्रश्न सोडून दिला होता.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंना त्याने महिन्याच्या भेटीत सगळं सांगितलं. कौसल्या नेहमीप्रमाणे शेजारी बसली होती.

"चांगल्या दिवशीच दुखतं?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हल्ली चांगले दिवस जास्त येतायत का, सर? झोप? बोलणं वाढलंय? कौसल्याताई, तुम्हाला काय वाटतं?"

"जरा खुशीत असतेत," कौसल्या म्हणाली.

त्या शब्दांसरशी दोघीही त्याच्याकडे पाहू लागल्या. आपण गुन्हा कबूल केला आहे आणि तो कोणता ते आपल्यालाच माहीत नाही, असं राजानंदला वाटलं. रक्ताची तपासणी झाली. लिथियम मर्यादेच्या आत होतं, मात्र वरच्या टोकाला. पाणी भरपूर प्या, जागरण टाळा आणि खुशीवर लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेवटचं वाक्य त्यांनी कौसल्येकडे पाहून सांगितलं होतं.

उलगडा झाला तो हळदीमुळे. रोज रात्री तो स्टीलच्या ग्लासातून हळद घातलेलं दूध एका दमात प्यायचा. एका रात्री बाहेर कुणी हाक मारली म्हणून त्याने तळाशी घोटभर दूध ठेवलं आणि परत येऊन ग्लास उचलला. तळाचा गाळ पिवळा नव्हता, विटकरी लाल होता. हळद आम्लात पिवळी राहते आणि अल्कलीत लाल होते, हे तो आठवीच्या मुलांना साबणाचं पाणी घेऊन शिकवी. दूध अल्कली नसतं. ग्लासाला भांड्यांचा साबण राहिला असेल, असं त्याला आधी वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने ग्लास स्वतः विसळून ठेवला, आणि त्या रात्री गाळ पिवळाच निघाला. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेची निवड झाल्याचं कळलं. तो घरी गुणगुणत आला. ग्लास आजही त्यानेच विसळला होता, तरी रात्री गाळ लाल होता.

तो त्याने छोट्या डबीत काढून शाळेत नेला. मधल्या सुटीत प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं. लिंबू पिळलं तेव्हा बारीक बुडबुडे आले, म्हणजे कार्बोनेट होतं. खाण्याचा सोडाही तसाच वागला असता, म्हणून तार गाळात बुडवून त्याने बर्नरच्या ज्योतीत धरली. दुधातल्या क्षारांनी ज्योत आधी पिवळी झाली आणि मग किरमिजी लाल. सोड्याने ती तशी होत नाही. ज्या धातूने होते त्याचं नाव त्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर छापलेलं होतं.

त्याने बर्नर बंद केला आणि स्टुलावर बसून राहिला. कार्यकारणाची साखळी आता पूर्ण जुळली होती. तो आनंदात दिसला की कौसल्या एक गोळी जास्त कुटून दुधात टाकी. कुटलेली ती जादा गोळी एकदम रक्तात उतरे आणि मध्यरात्री डोकं फुटायला येई. इतका निर्दोष पुरावा त्याला नोकरीच्या सबंध काळात मिळाला नव्हता.

आणि तो कुणाला दाखवण्याची सोय नव्हती. डॉक्टरांपुढे जाऊन त्याला म्हणावं लागलं असतं, 'कुणीतरी माझ्या दुधात औषध घालतं.' त्याने ते वाक्य मनातल्या मनात उच्चारून पाहिलं. त्याच्यासारख्या रोग्याने असं वाक्य उच्चारलं की ऐकणारा पुराव्याकडे बघत नाही, गोळ्या वाढवतो. गाळाची डबी टेबलावर ठेवली असती तर ती डबीच लक्षण ठरली असती. चिडून बोललं तर मन चढतंय, आणि गप्प बसलं तर ते खचून उतरतंय. दार कोणत्याही बाजूने ढकललं तरी ते आतच उघडत होतं.

संध्याकाळी कौसल्या मेथी निवडत बसली होती. तो समोर बसला. आवाज चढू द्यायचा नाही, हे ठरवूनच आला होता.

"कौसल्या, दुधात गोळी तू टाकतीस?"

तिचे हात थांबले नाहीत. "कुणी सांगितलं?"

"हळदीनं."

"हळद बोलायली आता?" तिने वर पाहिलं आणि लगेच हसू आवरलं. "बराबर सांगा. काय केलं तुम्ही?"

त्याने गाळ, डबी, लिंबू, ज्योत सगळं क्रमाने सांगितलं. सांगताना त्याला थोडा अभिमानही वाटला आणि तो आवाजात उतरला. कौसल्या मेथीची काडी हातात धरून ऐकत राहिली.

"म्हंजी ग्लासातला गाळ खरडून डबीत भरला. शाळेत न्हेला. दार लावून जाळला," ती सावकाश म्हणाली. "आवो, झोप येती ना तुम्हाला?"

"हेच! हेच ते!" तो उठला, आणि आपण उठलो आहोत हे लक्षात येताच पुन्हा बसला. "मी खरं सांगून राह्यलो का न्हाई?"

"खरंच हाय. मीच टाकते. पयल्या डॉक्टरनं सांगितल्तं. तुम्ही गोळी थुंकायचे, तव्हा दुधातून द्या म्हणले. तुम्ही बरे झाले, मंग बंद केलं. तुमचा चेहरा तसा दिसला की पुन्यांदा देते. एकच जास्तीची."

"तसा म्हणजे कसा?"

"खुश."

"माणसानं खुश व्हायचं न्हाई?"

"शहागडला बी तुम्ही खुशच होते," कौसल्या म्हणाली. "तुम्हाला ते आठवत न्हाई. मला आठवतं. पुलाच्या कठड्यावर एक पाय ठिवून तुम्ही हसून राह्यले व्हते. असंच. दात बी असेच दिसत व्हते. त्या हसन्यातलं अन् ह्या हसन्यातलं काय येगळं हाय, ते तुम्ही मास्तर हाव तर शिकवा मला. मी टाकणं बंद करते."

तो उत्तर शोधू लागला. हृदयाचे ठोके, झोपेचे तास, बोलण्याचा वेग ही सगळी मोजमापं त्याला माहीत होती, पण आनंद सुरू होतो त्या क्षणी यांतलं एकही बदललेलं नसतं. सुरुवात दोन्हीकडे सारखीच असते. ती विचारत होती ते विज्ञानाला ठाऊक नव्हतं आणि त्यालाही नव्हतं.

"हे जास्त झालं तर इख हाय, कौसल्या," तो शेवटी म्हणाला. "मूत्रपिंड जातं. मेंदू जातो. त्यात अन् औषधात बोटाएवढंच अंतर हाय."

हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. काही वेळ तिने मेथीची निवडलेली पानं पुन्हा निवडली. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाईला मीच सांगते. तुम्ही सांगू नका. तुम्ही सांगितलं तर त्यांना येगळंच वाटंल."

म्हणजे तिलाही ते कळलं होतं.

पुढच्या भेटीत तिने सांगितलं. डॉक्टरांनी तिला झापलं, रक्त पुन्हा तपासायला घेतलं आणि राजानंदला म्हणाल्या, "सर, तुमचं निरीक्षण बरोबर होतं." त्याने मान हलवली. त्याला किती हलकं वाटत होतं, ते त्याने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. मग डॉक्टरांनी आपला मोबाईल नंबर कौसल्येला दिला. "स्वतःच्या मनानं काही द्यायचं नाही. जरा वेगळं वाटलं, चढलेलं किंवा उतरलेलं, की लगेच मला फोन. रात्री-बेरात्रीही." कौसल्येने नंबर तिथल्या तिथे मोबाईलमध्ये साठवला आणि बरोबर लागतो का ते बघायला एक रिंग देऊन पाहिली.

दूध पिवळं राहू लागलं आणि डोकेदुखी थांबली. राजानंद रात्रभर झोपू लागला, आणि सकाळी उठला की कौसल्या आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाही. वर्गात हसला तर घराच्या दाराशी येईपर्यंत तो ते हसू खाली बसू देई. चपला काढताना, हात धुताना, ताटावर बसताना तो आपला चेहरा मधल्या कुठल्या तरी पातळीवर धरून ठेवी. सायकल शिकणाऱ्या मुलाने हँडल धरावं तसा, फार घट्ट.

हिवाळ्यात जालन्याला प्रदर्शन झालं. त्याच्या मुलांनी केलेल्या पाणी गाळण्याच्या उपकरणाला जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळाला. परतीच्या एसटीत मुलं गाणी म्हणत होती. गोरक्षनाथ मास्तर हौशीने सोबत आले होते. ते दोनदा म्हणाले, "सर, आज तरी दात दिसू द्या की! कर्ज न्हाई काढलं तुम्ही, बक्षीस आणलंय." राजानंद खिडकीबाहेर पाहत राहिला.

घरी आल्यावर त्याने पाणी पिऊन सांगितलं, "पहिला नंबर आला."

"जिल्ह्यात?"

"हो."

"मंग?" कौसल्या त्याच्याकडे बघत राहिली. "गप का?"

"गप कुठं? सांगितलं ना."

"असं सांगतेत का? मयताची खबर सांगावी तसं." तिच्या कपाळावर आठी पडली आणि हात कमरेच्या पिशवीतल्या मोबाईलकडे गेला. "परवापून बघून राह्यले मी. जेवन बी कमी झालंय. आवो, उतरलं तर न्हाई ना तुम्हाला?"

राजानंदने घाईघाईने हसायला सुरुवात केली. ते थोडं कमी पडलं म्हणून त्याने आणखी हसून पाहिलं, मग हे जास्त होत असेल असं वाटून आवरतं घेतलं. कौसल्या मोबाईल हातात धरून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्या हसण्यावरून डॉक्टरांना फोन करावा की करू नये, हे तिला ठरवता येत नव्हतं. अंगठा नंबरावर ठेवून ती तशीच उभी राहिली, आणि तोही ओठ होते तिथेच धरून, तिचा निर्णय होईपर्यंत.